प्रिंटर झकास, सोबतचा ड्रायव्हर भंगार – लिनक्सवरून चार महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते. यंत्राला पाचपैकी साडेचार. सोबतच्या लिनक्स ड्रायव्हरला, म्हणजे लॅपटॉपला प्रिंटरशी बोलायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरला, अर्धा, आणि तो अर्धाही एवढ्यासाठी की काढून टाकताना त्याने फार तमाशा केला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मी ज्या भानगडीत अडकले ती एका कंपनीपुरती नाही, कुठलाही नेटवर्क प्रिंटर घ्या आणि लिनक्सला जोडा, यातलं काही ना काही तुमच्या वाट्याला येणारच.

यंत्र म्हणाल तर काळा-पांढरा लेझर, वायफाय आहे, मागे इथरनेटचं पोर्ट आहे, कागदाच्या दोन्ही बाजूंना आपणहून छापतो. स्क्रीन नाही. तीन बटणं आणि चार दिवे, आणि त्या दिव्यांची भाषा मॅन्युअल वाचल्याशिवाय कुणाच्या बापाला कळणार नाही. छपाई मात्र खरंच सुंदर, बारीक अक्षर कोरल्यासारखं येतं, कागद अडकणं चार महिन्यांत एकदाच झालं आणि ते पण माझ्याच चुकीने, ओलसर कागद घातला होता. सोबतचं टोनर अर्धवट भरलेलं येतं, हे बऱ्याच कंपन्या करतात, त्यामुळे पहिलं टोनर लवकर संपलं म्हणून घाबरू नका. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं आहे. ठीके, छापायलाच तर घेतलाय, त्याच्यावर व्हिडिओ थोडेच बघायचेत.

आता मुख्य रडगाणं.

खोक्यावर विंडोज, मॅक आणि लिनक्स असं तिघांचं नाव छापलंय, लिनक्सची खूण असलेल्या पेंग्विनचं चित्र पण आहे. मी घरात एकटी लिनक्सवाली. नवऱ्याचा लॅपटॉप विंडोजचा, लेकीचा टॅबलेट, बाबांचा फोन. त्यामुळे काहीही बिघडलं की निकाल आधीच लागलेला असतो, "तुझ्या त्या लिनक्सचंच काहीतरी असणार". म्हणून पेंग्विन बघून हुरळून गेले. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, उघडला तर आत एक स्क्रिप्ट, ती सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, चालवायची, लायसन्सची पानंच्या पानं खाली सरकवायची, आणि शेवटी ती विचारते की प्रिंटरचा आयपी पत्ता सांगा. राउटरमध्ये बघितला, १९२.१६८.१.७ होता, दिला टाकून. टेस्ट पेज आलं. मी खूश. जाता जाता टर्मिनलवर एक ओळ आली होती की प्रिंटर ड्रायव्हर आता डेप्रिकेटेड, म्हणजे मोडीत काढायच्या यादीत, आहेत आणि कप्सच्या (लिनक्सवर छपाई सांभाळणारा प्रोग्राम) पुढच्या कुठल्यातरी आवृत्तीत चालायचे बंद होतील. तिच्याकडे मी, सगळे करतात तसं, साफ दुर्लक्ष केलं.

(कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलला अर्थातच रोमन लागेल, आणि उच्चारावरून स्पेलिंग लगेच कळेल अशीच नावं आहेत.)

सहा आठवडे सुरळीत. मग एका रात्री लाइट गेली, आली, आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा फॉर्म छापायला घेतला तर काहीच नाही. प्रिंटरचा दिवा शांत हिरवा. लॅपटॉपवर जॉब, म्हणजे छापायला दिलेलं काम, "प्रोसेसिंग". दहा मिनिटं प्रोसेसिंग. रद्द केला, परत दिला, परत तेच. एलपीस्टॅट -टी ही छपाईची स्थिती दाखवणारी कमांड मारली तर रांग (दिलेले जॉब जिथे थांबतात ती) चालू आहे, जॉब घेतेय, सगळं आलबेल, फक्त खाली एक वाक्य, "द प्रिंटर इज इन यूज". म्हणजे प्रिंटर दुसरं कुणीतरी वापरतंय.

आता हे वाचून माणूस काय करेल? मी घरभर फिरले. नवऱ्याला विचारलं तू काही पाठवलंयस का, तो नाही म्हणाला आणि प्रात्यक्षिक म्हणून त्याच्या लॅपटॉपवरून एक पान छापून दाखवलं, सर्रकन आलं. बाबांच्या फोनवरून पण आलं. म्हणजे सगळ्यांना छापून मिळतंय आणि मला एकटीला प्रिंटर बिझी. पिंग करून बघितलं १.७ ला, म्हणजे प्रिंटरच्या त्याच पत्त्यावर कुणी जागं आहे का ते विचारलं, लगेच उत्तर. पिंगला उत्तर येतंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे असं धरून मी पुढचा एक तास कप्स रीस्टार्ट करण्यात, रांग पुसून परत बनवण्यात आणि नवऱ्याची ती ठरलेली वाक्यं ऐकण्यात घालवला.

शेवटी वैतागून प्रिंटरची वायरच उपटली. तीस सेकंद थांबून परत लावावी म्हणून. आणि सहज नजर गेली तर दुसऱ्या खिडकीत पिंग चालूच! प्रिंटर बंद, वायर माझ्या हातात, आणि १.७ वरून उत्तरं येतायत टकाटक.

१.७ वर आता आमचा टीव्ही होता.

झालं असं की लाइट गेल्यावर राउटरने सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले, टीव्ही आधी जागा झाला आणि प्रिंटरचा जुना पत्ता घेऊन बसला, प्रिंटर गेला १.१२ वर. माझा लॅपटॉप बिचारा सारखं टीव्हीचं दार वाजवून "हा फॉर्म छाप" म्हणत होता. पण मग "प्रिंटर इन यूज" असं का आलं, हे कळल्यावर मला खरं तर हसूच आलं. कंपनीच्या स्क्रिप्टने रांग बनवली होती ती सॉकेटवाली, पोर्ट ९१०० (हे पोर्ट म्हणजे मागचं भोक नव्हे, एकाच पत्त्यावरचं ठरावीक कामाचं दार). ही पद्धत जुनी आहे, एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांपासून चालत आलेली, आणि ती म्हणजे नुसती नळी आहे हो, इकडून बाइट ओतायचे तिकडे कागद निघायचा, समोर प्रिंटर आहे का टीव्ही हे विचारायची सोयच नाही. असे प्रिंटर बहुतेक करून एका वेळी एकाचंच कनेक्शन घेतात. त्यामुळे समोरून कनेक्शन नाकारलं गेलं की कप्स समजतं कुणाचं तरी छापणं चालू असेल, थांबू आणि परत विचारू. टीव्हीत ९१०० वर ऐकणारं कुणी नाही म्हणून तो नकार देत होता आणि कप्स सभ्यपणे वाट बघत होतं. चूक कप्सची म्हणवत नाही. पण पत्ता चुकला असेल असा साधा संशयही त्या वाक्यातून येत नाही, आणि त्यात माझा एक तास गेला.

म्हणून पहिली गोष्ट, पिंगवर विश्वास ठेवायचा असेल तर आधी प्रिंटर बंद करून पिंग मारा. उत्तर आलं तर तो तुमचा प्रिंटर नाही. आणि स्क्रीन नसलेल्या प्रिंटरचा खरा पत्ता हवा असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये एखादं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं की माहितीचं पान छापून येतं, त्यावर आयपी, मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही), वायफायचं नाव सगळं असतं. माझ्यात तर किती पानं आजवर छापली ते पण येतं.

तात्पुरता उपाय म्हणून राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अॅड्रेसला १.७ कायमचा बांधून टाकला. इथे एक बारीक गोम आहे, वायफायचा मॅक अॅड्रेस वेगळा आणि इथरनेटचा वेगळा असतो, उद्या वायर लावलीत तर आरक्षण परत करावं लागेल. असो. चालू झालं. मला वाटलं संपलं.

तीन आठवड्यांनी लॅपटॉप फॉरमॅट करून डिस्ट्रोची, म्हणजे माझ्या लिनक्सची, नवी आवृत्ती टाकली, परत तीच स्क्रिप्ट, परत तोच आयपी, आणि या वेळी जॉब दिला की एका सेकंदात "फिल्टर फेल्ड" (फिल्टर म्हणजे फाइलीचं प्रिंटरला कळेल असं रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि रांग पॉज. कपएनेबल मारून रांग चालू करायची, जॉब घ्यायचा, परत फिल्टर फेल्ड, परत पॉज. फिल्टर फेल्ड हे कप्समधलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे माझ्या मते, म्हणजे डॉक्टरकडे गेलं आणि त्याने गंभीर चेहऱ्याने "तुम्हाला बरं नाहीये" एवढंच सांगावं तसं.

खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे कप्सच्या नोंदवहीत, असतं पण लॉग नेहमीच्या पातळीवर फार बोलत नाही. कपसीटीएल --डीबग-लॉगिंग म्हणायचं, एकदा जॉब द्यायचा, आणि मग व्हार-लॉग-कप्समधली एरर लॉग फाइल उघडायची, काही डिस्ट्रोवर ते सिस्टिमच्या लॉगमध्ये जातं, तो जर्नलसीटीएलने दिसतो. काम झालं की --नो-डीबग-लॉगिंग करायला विसरू नका, नाहीतर ती फाइल फुगत राहते. माझ्या लॉगमध्ये होतं की कंपनीचा फिल्टर चालवायला गेलो, "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". जाऊन बघितलं, फाइल होती! त्याच जागी, चालवायची परवानगी असलेली, धडधडीत. मी दोनदा नाव अक्षर अक्षर लावून बघितलं.

मग त्या फाइलीवर 'फाइल' कमांड चालवली आणि उलगडा झाला, कंपनीचा फिल्टर ३२ बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीचा. नव्या इन्स्टॉलमध्ये ३२ बिटची लायब्ररी नाही, असे प्रोग्राम सुरू करून देणारा लोडर नाही. सिस्टिम "फाइल नाही" म्हणते ती फिल्टरबद्दल नाही तर तो चालवायला लागणाऱ्या लोडरबद्दल, पण नाव कुणाचंच घेत नाही. जुन्या इन्स्टॉलमध्ये कुठल्या तरी गेमसाठी त्या लायब्ररी आलेल्या होत्या म्हणून तेव्हा चाललं. म्हणजे माझा प्रिंटर इतके दिवस एका गेमच्या पुण्याईवर छापत होता.

कंपनीच्या सपोर्टशी चॅटवर बोलले. समोरच्या मुलीने अतिशय नम्रपणे विंडोजवर करून बघायला सांगितलं, मी म्हटलं विंडोजवर चालतोय, ती म्हणाली मग प्रिंटर व्यवस्थित आहे मॅडम, आणि तिकीट बंद. तिचा दोष नाही, तिच्यापुढच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असणार. पण मग खोक्यावर तो पेंग्विन कशाला?

याच रागात जुनी गोष्ट आठवली. १९८०च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर होता, कागद अडकला की लोकांना कळवायची सोय तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला त्यात टाकायची होती आणि सोर्स कोड काही मिळाला नाही. १९८३ मध्ये त्याने सोर्स कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यामागच्या कारणांत तो स्वतः हा प्रिंटरचा किस्सा सांगत आलाय. म्हणजे ज्या भांडणातून हे सगळं जग सुरू झालं ते भांडणच मुळात प्रिंटरच्या ड्रायव्हरचं, आणि इतक्या वर्षांनी मी त्याच जागी बसलेय, हातात एक बंद डब्यातला ३२ बिटचा फिल्टर घेऊन.

पण याच वेळी डोक्यात एक साधा प्रश्न आला. बाबांच्या फोनवर कुणी कधी ड्रायव्हर टाकला? कुणीच नाही. त्यांनी शेअरचं बटण दाबलं, प्रिंटर दिसला, छापलं. त्यांना आयपी पत्ता म्हणजे काय हे पण माहीत नाही आणि टीव्हीच्या गोंधळात त्यांचं एक पान अडलं नाही. मग फोनला जे येतं ते लॅपटॉपला का येऊ नये?

येतं! आणि हाच या रिव्ह्यूचा खरा मुद्दा आहे, वर जे काही सांगितलं ते नुसतं माझं दुखणं.

फोनमध्ये हजार प्रिंटरांचे ड्रायव्हर भरणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून २०१० मध्ये अॅपलने एअरप्रिंट आणलं, ज्यात प्रिंटरनेच नेटवर्कवर ओरडून सांगायचं की मी इथे आहे, मला हे हे कागद चालतात, दोन्ही बाजूंना छापतो, ६०० डीपीआय येतं, या या फॉरमॅटमध्ये द्या. मग प्रिंटर वर्किंग ग्रुप नावाच्या सगळ्या कंपन्यांच्या गटाने त्याच धर्तीवर आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक केलं. दोन्हींच्या खाली बोलणं एकच, आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल), पोर्ट ६३१. आणि कप्स, जे १९९७ मध्ये मायकेल स्वीटने लिहायला घेतलं, ते २००७ मध्ये अॅपलनेच विकत घेतलेलं, मॅक आणि लिनक्स दोन्हीकडे छपाईचा गाडा तेच ओढतं. स्वीटने २०१९च्या शेवटी अॅपल सोडलं आणि नंतर लिनक्सच्या बाजूचं काम ओपनप्रिंटिंग या लिनक्स छपाईच्या खुल्या प्रकल्पाकडे गेलं. थोडक्यात, फोनवाल्यांची अडचण सोडवायला जे केलं ते आयतं आपल्या ताटात पडलंय, आणि प्रिंटर कंपन्यांना ते द्यावंच लागतं कारण फोनवरून न छापणारा प्रिंटर आता घेणार कोण?

म्हणून खोक्यावर पेंग्विन शोधू नका, एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा मोप्रिया (अँड्रॉइडवाल्यांची तशीच सोय) यातलं काहीतरी लिहिलंय का बघा. माझ्या खोक्यावर एअरप्रिंट पेंग्विनच्या शेजारीच छापलं होतं, मीच पेंग्विन बघत बसले.

तर कंपनीचा ड्रायव्हर काढला. आयपीपीफाइंड कमांड मारली, पाच सेकंदात प्रिंटरचं पूर्ण नाव आलं, आयपीपी कोलन दोन रेघा, प्रिंटरचं नाव डॉट लोकल, ६३१, आणि पुढे आयपीपी-प्रिंट. तेच नाव घेऊन एलपीअॅडमिनला -एम एव्हरीव्हेअर देऊन रांग बनवायची, -ई (कॅपिटल) विसरायचं नाही, नाहीतर रांग बनते पण बंदच राहते. एवढंच. कुठली स्क्रिप्ट नाही, लायसन्स नाही, मॉडेल नंबर शोधणं नाही.

म्हणजे एवढंच असायला हवं होतं. मला एलपीअॅडमिन म्हणालं की प्रिंटरशी बोलता येत नाही. आत्ता आयपीपीफाइंडने दाखवला आणि आत्ता नाही सापडत? अवाही म्हणजे लिनक्सवर डॉट लोकल नावं शोधणारा प्रोग्राम, त्याच्या अवाही-रिझॉल्व्ह कमांडला ते नाव दिलं तर पत्ता अचूक येतो. पिंगला तेच डॉट लोकल नाव दिलं तर "नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन". हा फरकच निदान आहे, लक्षात ठेवा. अवाही-रिझॉल्व्ह थेट अवाहीला विचारतं. पिंग आणि बाकीचे बरेच प्रोग्राम सिस्टिमला विचारतात, आणि सिस्टिम कुठे कुठे विचारायचं ते ईटीसीमधल्या एनएसस्विच नावाच्या फाइलीत बघते. माझं इन्स्टॉल मिनिमल होतं, त्यात सिस्टिमला अवाहीकडे विचारायला लावणारं एनएसएस-एमडीएनएसचं पॅकेजच नव्हतं. डिस्ट्रोप्रमाणे त्याचं नाव थोडं बदलतं. ते टाकलं, होस्ट्सच्या ओळीत एमडीएनएस४_मिनिमल हा शब्द डीएनएसच्या आधी आलाय याची खात्री केली, आधी यायला हवा, मागे असला तर उपयोग नाही, आणि लगेच रांग बनली.

टेस्ट पेज पाठवलं. प्रिंटर जागा झाला, घरघरला, आणि नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. कागद नाही आला. आता माझे हात थरथरायला लागले होते खरंच. चिडून गो चं बटण दाबलं तर पान बाहेर! परत दिलं, परत लुकलुक, बटण, पान. मॅन्युअल काढलं, लुकलुकणारा नारिंगी म्हणजे "मागितलेला कागद ट्रेमध्ये नाही". मी सिस्टिमची भाषा अमेरिकन इंग्लिश ठेवलेली, त्यामुळे डीफॉल्ट कागद लेटर, २१६ बाय २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए४, २१० बाय २९७. प्रिंटर बिचारा लेटरची वाट बघत उभा, आणि स्क्रीन नसल्यामुळे सांगणार कसा, दिवाच मारणार. रांगेचा डीफॉल्ट ए४ केला, एलपीऑप्शन्सने होतं, किंवा ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ६३१ उघडून कप्सच्या पानावरून पण होतं, आणि मग एकदाचं, एका झटक्यात, सरळ, दोन्ही बाजूंनी पान आलं. हा दोष कुणाचाच नाही खरं तर, पण "लिनक्सवरून प्रिंट देते, काही येत नाही" असं कुणी मला सांगितलं तर आता मी सगळ्यात आधी दिव्याचा रंग विचारते.

बाकी किरकोळ कारणं जी मला आली नाहीत किंवा पाच मिनिटांत सुटली: ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर घरातला प्रिंटर दिसेनासा होऊ शकतो, कारण सगळा ट्रॅफिक तिकडेच जातो. पाहुण्यांच्या वायफायवर असाल तर राउटर मुद्दाम एकमेकांशी बोलू देत नाही. फायरवॉलमध्ये यूडीपी ५३५३ बंद असेल तर प्रिंटरची हाक ऐकूच येत नाही. आणि जॉबखाली "नो सुटेबल डेस्टिनेशन होस्ट फाउंड बाय कप्स-ब्राउज्ड" असं आलं तर ती कप्स-ब्राउज्ड या कप्ससोबतच्या मदतनीस प्रोग्रामने आपणहून बनवलेली रांग आहे आणि तिला प्रिंटर हरवलाय, तिच्याशी डोकं लावत बसू नका, वर सांगितलं तशी हाताने पक्की रांग बनवा. मी तर कप्स-ब्राउज्ड बंदच ठेवलंय, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यात सुरक्षेची मोठी भोकं निघाली तेव्हा बंद करायचा सल्ला आला होता, तेव्हापासून चालू करायची गरज पडली नाही. ते बंद असलं तरी कप्स स्वतः अवाहीकडून प्रिंटर शोधून छापायच्या खिडकीत दाखवतं, त्यामुळे अडत काही नाही.

एक अनपेक्षित फायदा सांगते. कंपनीच्या ड्रायव्हरमधून देवनागरी पीडीएफ छापली की काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटायची, रफार कुठेतरी तिसऱ्याच अक्षरावर जाऊन बसायचा, मी दरवेळी "प्रिंट अॅज इमेज" करून वेळ मारून न्यायचे. आताच्या रांगेत माझा प्रिंटर रास्टर घेतो, म्हणजे पानाचं चित्र लॅपटॉपवरच तयार होऊन जातं, त्यामुळे स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर. मोठ्या फाइलीला किंचित वेळ लागतो. मला चालतो.

कंपनीच्या ड्रायव्हरचं एकच फीचर आता नाही, टोनर वाचवायचा तिचा खास मोड. मी प्रिंटरच्या वेब पानावरून डेन्सिटी कमी करून ठेवलीय, जवळपास तेच होतं. हे वेब पान म्हणजे ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला की उघडतं ते, तिथला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि तिथेच न लागणाऱ्या गोष्टी पण बंद करता येतात, मी ९१०० बंद करून टाकलं. थोडा सूडच म्हणा. विंडोजवाल्या लॅपटॉपची रांग त्यावरच होती हे नंतर कळलं, नवरा दोन दिवस गोंधळात होता आणि मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याची पण रांग आयपीपीवर करून दिली.

अर्धा स्टार यंत्राचा का कापला ते पण सांगते. वायफायवर हा पठ्ठ्या गाढ झोपला की कधी कधी उठतच नाही. रात्रभर पडून राहिला की सकाळी पहिला जॉब अडकतो, मग कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. फर्मवेअर अपडेट केलं, थोडं सुधारलं, पूर्ण नाही. शेवटी इथरनेटची वायर लावली तेव्हापासून एकदाही नाही. तेव्हा राउटर जवळ असेल तर सरळ वायर लावा. आणि फर्मवेअर अपडेट आपोआप होऊ देऊ नका, काही कंपन्यांनी अपडेटमधून बाहेरचं टोनर बंद पाडल्याचे प्रकार झालेत, आधी वाचून मग हाताने करा.

हां, आणि नवी रांग चालू झाल्यावर मी जरा हुशारी करायला गेले. जुन्या, फिल्टर फेल्डवाल्या रांगेत साचलेले जॉब एलपीमूव्हने उचलून नव्या रांगेत टाकता येतात हे वाचलं होतं, म्हटलं वाया कशाला घालवा. त्यात काय काय साचलंय ते आधी बघायला हवं होतं. लेकीचा तोच फॉर्म अकरा वेळा, सहा टेस्ट पेज, आणि कंपनीचं मॅन्युअल, ज्याचं मला फक्त एक पान हवं होतं, ते अख्खं. मी दुसऱ्या खोलीत होते. बाबांनी हाक मारली, "अगं, हा थांबत नाहीये".